पीपीटी तयार झाली, आता ती पाठवायची कशी?

शिक्षण परिषद आटोपून चहा सुरू झाला की सादरीकरण केलेल्या शिक्षकाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "मॅडम, तुमची ती पीपीटी ग्रुपवर टाका ना." आपण लगेच टाकतो आणि संध्याकाळपासून फोन सुरू होतात. एकाच्या मोबाइलवर फाइल उघडतच नाही. दुसऱ्याची उघडते, पण अक्षरं एकमेकांवर चढलेली. एका ताईंना स्वतःच्या वर्गासाठी दोन स्लाइड बदलायच्या असतात, तर आपण पाठवलेली असते पीडीएफ. जे सर त्या दिवशी येऊ शकले नव्हते, त्यांच्यासमोर नुसती चित्रं आणि चार-चार शब्द. आपण तोंडी काय बोललो ते त्यांना कळायला काहीच मार्ग नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) नव्या शिक्षकांना संगणकाच्या कामात मदत करते. पीपीटी बनवायला आता बहुतेकांना येतं. गाडी अडते ती पाठवताना, आणि दोन-तीन रात्री जागून केलेलं काम त्यामुळे वाया जातं, याचं मला फार वाईट वाटतं. उदाहरणं शाळेची घेतली आहेत, पण बचत गटाची बैठक असो की कॉलेजचा सेमिनार, पद्धत तीच.

आधी विचारा: समोरचा तिचं काय करणार?

'शेअर'चं बटण दाबण्याआधी हे ठरवा. घेणारा ती नुसती वाचणार आहे, की बदल करून स्वतः वापरणार आहे? आपल्यासोबत बसून ती तयार करणार आहे, की आपण समोर नसताना आपलं म्हणणं ऐकणार आहे? वाचणाऱ्याला पीडीएफ द्या. वापरणाऱ्याला मूळ फाइल किंवा तिची प्रत. सोबत काम करणाऱ्यांसाठी गूगल स्लाइड्सची (इंटरनेटवर पीपीटी करायचं गूगलचं साधन) लिंक आणि ऐकणाऱ्यासाठी व्हिडिओ.

दुसरी गोष्ट, तो ती कशावर उघडणार? आपण पीपीटी लॅपटॉपच्या आडव्या, मोठ्या पडद्यावर बनवतो, पण ग्रुपवर गेली की ती बहुतेक ठिकाणी मोबाइलवरच उघडली जाते, एसटीत बसून नाहीतर स्वयंपाक करता करता. काहीच ठरवता आलं नाही तर समोरच्याकडे फक्त मोबाइल आहे असं धरून चाला.

वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ

पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल'वर जा, 'सेव्ह ॲज' निवडा आणि खाली फाइलच्या प्रकारांची यादी उघडून त्यात 'पीडीएफ' घ्या. गूगल स्लाइड्समध्ये 'फाइल', मग 'डाउनलोड', मग 'पीडीएफ डॉक्युमेंट'. मोबाइलच्या स्लाइड्स ॲपमध्ये तीन ठिपक्यांवर जाऊन 'शेअर अँड एक्स्पोर्ट'मधलं 'सेंड अ कॉपी' निवडलं की पीडीएफचा पर्याय येतो.

पीडीएफमध्ये अक्षरं आणि चित्रं जागच्या जागी राहतात. घेणाऱ्याकडे पॉवरपॉइंट नसलं तरी चालतं. हलणारं मात्र सगळं थांबतं, म्हणजे ॲनिमेशन, आवाज, व्हिडिओ. नवे लोक नेमके इथे फसतात, म्हणून एक उदाहरण नीट पाहू.

समजा, चौथीच्या वर्गासाठी तुम्ही प्रश्नमंजूषा केली आहे. स्लाइडवर प्रश्न दिसतो: 'महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कोणतं?' क्लिक केलं की उत्तर सरकत येतं: 'कळसूबाई, १६४६ मीटर'. वर्गात हे छान चालतं. पण पीडीएफमध्ये प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर, एकाच वेळी दिसणार. मुलाने विचार करायच्या आत उत्तर डोळ्यांसमोर. एकाच जागी एकामागून एक येणारी तीन चित्रं ठेवली असतील तर ती तिन्ही एकमेकांवर पडून नुसता गोळा होतो.

उपाय सोपा आहे. स्लाइडची नक्कल करा ('कंट्रोल' धरून 'डी'), पहिल्या स्लाइडवरून उत्तर पुसून टाका, दुसरीवर राहू द्या. ॲनिमेशनच्या जागी दोन स्लाइड झाल्या. आता पीडीएफमध्येही पान उलटल्यावरच उत्तर येईल. मी तर हल्ली पहिल्यापासून अशाच स्लाइड करते. वर्गातही फरक पडत नाही आणि पुढे पाठवताना पुन्हा मेहनत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवताना क्लिपच्या चिन्हावर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा. बरेच जण स्लाइडचे स्क्रीनशॉट काढून तीस फोटो ग्रुपवर ओततात. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप त्यांचा आकार कमी करतं, तक्त्यातले बारीक आकडे पुसट होतात, आणि तीस फोटोंमध्ये कोणता आधीचा, कोणता नंतरचा याचा पत्ता लागत नाही. फाइलला नावही नीट द्या. 'प्रेझेंटेशन १ फायनल नवीन' या नावाची फाइल महिन्याने कोणालाच सापडत नाही. 'अपूर्णांक ओळख, इयत्ता ४थी' असं नाव दिलं तर ग्रुपमध्ये शोधल्याबरोबर वर येते.

मराठी अक्षरांचं दुखणं

याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इंग्रजीतून पीपीटी करणाऱ्यांना या त्रासाची कल्पना नसते आणि त्यांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये तो कुठेच येत नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या प्रशिक्षणात माझं सादरीकरण होतं. घरच्या संगणकावर सगळं व्यवस्थित दिसत होतं. तिथे पेन ड्राइव्ह लावला, पहिली स्लाइड उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांग. समोर साठ शिक्षक बसलेले. मी तो तास फळ्यावर लिहून घेतला. चूक प्रोजेक्टरची नव्हती, त्या संगणकाचीही नव्हती. मी जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप केलं होतं आणि तो फाँट तिथे नव्हता.

असं का होतं ते पाहा. कृतिदेवसारखे जुने फाँट आतून रोमन अक्षरंच साठवतात. फाँट ती अक्षरं फक्त देवनागरी रूपात दाखवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला तर फाइलमध्ये साठवलं जातं ई, जे, के, बी, एच. फाँट असेल तर 'मराठी' दिसेल, नसेल तर ती पाच अक्षरं जशीच्या तशी. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो. फाँट बदलला तर फार तर वळण बदलेल, शब्द तोच राहील. म्हणून मराठी पीपीटी कायम युनिकोडमध्येच टाइप करा. जुना मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं व रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे हटकून गडबड होते.

युनिकोड वापरूनही एक अडचण उरते. मॅकवर 'कोहिनूर देवनागरी'मध्ये केलेली पीपीटी विंडोजवर उघडली की संगणक त्याच्याकडचा दुसरा फाँट लावतो. त्याची अक्षरं रुंद असतील तर ओळ मोडते आणि मजकूर चौकटीबाहेर जातो. दोन्हीकडे विंडोज असेल तर 'निर्मला यूआय' सुरक्षित. वेगळा फाँट हवाच असेल तर विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन 'एम्बेड फाँट्स इन द फाइल'वर खूण करा, म्हणजे फाँट फाइलसोबत जातो. तिथे दोन पर्याय दिसतात: फक्त वापरलेली अक्षरं, किंवा सगळी. समोरचा फाइलमध्ये बदल करणार असेल तर 'सगळी' निवडा, नाहीतर तुमच्या स्लाइडवर नसलेलं अक्षर त्याने टाइप केलं की अडचण येईल. काही फाँटांचा परवाना असं सोबत पाठवू देत नाही, ते जाणार नाहीत.

गूगल स्लाइड्समध्ये 'मुक्त', 'बालू' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घेतला तर हा प्रश्नच येत नाही, कारण फाँट इंटरनेटवरूनच येतो. पहिले दोन मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेले आहेत आणि मराठीला फार छान दिसतात.

बदल करून वापरायची असेल तर

दुसऱ्या शिक्षकाला तुमची पीपीटी स्वतःच्या वर्गासाठी फिरवून घ्यायची असेल तर त्याला मूळ फाइल द्या. पीडीएफ देऊन त्याला पुन्हा टाइप करायला लावू नका. आपलं काम दुसऱ्याच्या शाळेत वापरलं जातंय, याहून चांगलं काय असणार?

फाइल लहान असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते. तिथली मर्यादा २ जीबी आहे, तिचा त्रास होत नाही. जीमेलला मात्र २५ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल ती गूगल ड्राइव्हवर (इंटरनेटवरच्या तुमच्या साठवणीच्या जागेत) चढवून तिची लिंक पाठवतं. आकार वाढतो तो बहुतेक वेळा मोबाइलने काढलेल्या फोटोंमुळे. पॉवरपॉइंटमध्ये एखाद्या फोटोवर क्लिक करा, वर 'पिक्चर फॉरमॅट' येईल, त्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स'. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'वरची खूण काढली की सगळ्या फोटोंना लागू होतं. तिथे फोटो किती बारीक ठेवायचा ते पीपीआयमध्ये विचारतात, पडद्यावर दाखवायला १५० पुरेसे आहेत.

गूगल स्लाइड्समध्ये असेल तर एक युक्ती वापरा. लिंकच्या शेवटी 'एडिट' हा शब्द आणि त्यापुढे काहीबाही असतं. ते सगळं पुसून तिथे रोमन अक्षरांत 'कॉपी' लिहा आणि ती लिंक पाठवा. उघडणाऱ्याला 'याची प्रत करायची का?' असं विचारलं जातं, त्याने होकार दिला की त्याच्या ड्राइव्हमध्ये स्वतंत्र प्रत तयार होते. तुमची मूळ फाइल जशी आहे तशी राहते. मूळ फाइलवर 'बघण्याची' परवानगी मात्र सुरू ठेवावी लागते.

सोबत बसून करायची असेल तर

पाच शिक्षकांनी मिळून एक पीपीटी करायची आणि प्रत्येकाने आपली फाइल ग्रुपवर टाकायची, असं केलं की शेवटी कोणती खरी ते कळत नाही. त्यापेक्षा एकाने गूगल स्लाइड्सवर फाइल उघडावी आणि बाकीच्यांना आत घ्यावं.

वर उजवीकडे 'शेअर' दाबा. इथे दोन वाटा आहेत. एक, ठरावीक लोकांचे ईमेल पत्ते टाकून त्यांनाच प्रवेश द्यायचा. दुसरी, 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'रिस्ट्रिक्टेड' बदलून 'एनीवन विथ द लिंक' करायचं. दोन्हीकडे परवानगी तीन प्रकारची: 'व्ह्यूअर' फक्त पाहतो, 'कमेंटर' सूचना लिहितो, 'एडिटर' बदल करतो. संपादनाची परवानगी ईमेल पत्ता टाकूनच द्या असं माझं ठाम मत आहे. लिंकवाल्या प्रत्येकाला 'एडिटर' केलं आणि ती लिंक एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली, तर कोणी मुद्दाम नव्हे, नुसतं बोट लागूनही स्लाइड उडवू शकतो. तसं झालंच तर घाबरू नका. 'फाइल'मधल्या 'व्हर्जन हिस्टरी'त जुनी आवृत्ती सापडते आणि परत आणता येते.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे "लिंक उघडत नाही, परवानगी मागतेय." पाठवणाऱ्याने 'रिस्ट्रिक्टेड' बदललेलं नसतं. त्याचं स्वतःचं खातं उघडं असल्यामुळे त्याला मात्र सगळं दिसतं. म्हणून लिंक पाठवण्याआधी ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (जिथे तुमचं खातं उघडं नसतं) उघडा आणि लिंक तिथे चिकटवून पाहा. तिथे उघडली तर सगळीकडे उघडेल. आणि लिंक दिली म्हणजे फाइल तुमच्याच ड्राइव्हमध्ये आहे हे विसरू नका. फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरली म्हणून तुम्ही ती पुसलीत तर सगळ्यांची लिंक बंद पडेल.

पाठवण्याआधी आत काय काय आहे ते पाहा

इथे घाई करू नका. मूळ फाइल पाठवता तेव्हा स्लाइडवर दिसतं त्याहून बरंच काही सोबत जातं.

मी एकदा वर्गाच्या प्रगतीचा स्तंभालेख एक्सेलमधून पीपीटीत आणला होता. पडद्यावर फक्त चार रंगीत खांब दिसत होते. पीपीटी केंद्राच्या ग्रुपवर गेली आणि रात्री एका शिक्षिकेचा फोन आला: "ताई, तुमच्या आलेखावर उजवी क्लिक करून 'एडिट डेटा' केलं, तर सगळ्या मुलांची नावं आणि गुण दिसताहेत हो." आलेख चिकटवताना 'एम्बेड वर्कबुक'चा पर्याय निवडला गेला होता, म्हणून अख्खी एक्सेल फाइल आत जाऊन बसली होती. मी ग्रुपवरून फाइल लगेच काढली, पण तोवर ती किती जणांकडे गेली होती कोण जाणे. त्या मुलांच्या पालकांना हे कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार मनातून गेला नाही. तेव्हापासून आलेख चिकटवताना मी 'पिक्चर' हाच पर्याय घेते.

कातरलेल्या फोटोचंही तसंच आहे. 'क्रॉप' करून बाजूचा भाग दिसेनासा केला तरी तो फाइलमध्ये शिल्लक असतो आणि कोणीही कड ओढून परत आणू शकतो. एखाद्या कागदावरचा आधार क्रमांक असा कातरून 'झाकला' असेल तर तो झाकलेला नाही. वर सांगितलेल्या 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'वर खूण केली की तो भाग खरोखर जातो.

स्लाइडखाली स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा ('स्पीकर नोट्स') मूळ फाइलसोबत जातातच, आणि गूगल स्लाइड्समध्ये फक्त बघण्याची परवानगी असलेल्यालाही त्या दिसतात. लपवलेल्या स्लाइड आणि जुन्या कमेंटही तशाच आत राहतात. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या वाटेने गेलं की टिपा आणि कमेंट शोधून काढता येतात, लपवलेल्या स्लाइड मात्र स्वतः बघून पुसा. ही तपासणी मूळ फाइलच्या प्रतीवर करा, कारण काढलेलं काही वेळा परत येत नाही. पीडीएफ करतानाही 'ऑप्शन्स'मध्ये लपवलेल्या स्लाइड जाणार की नाही ते बघून घ्या.

मुलांच्या फोटोंबाबत तर फारच जपा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या भरवशावर सोडलेलं लेकरू आहे ते. चेहरा ओळखू येईल असा फोटो शाळेबाहेर पाठवायचा असेल तर आई-वडिलांना विचारा. पाठमोरा फोटो किंवा मुलांच्या हातातलं काम दाखवूनही भागतं.

आपण नसताना ऐकवायची असेल तर

पालकसभेला न आलेल्यांसाठी, किंवा वाचायला अडचण असलेल्या आजी-आजोबांसाठी, आवाजासह व्हिडिओ हा उत्तम मार्ग. पॉवरपॉइंटमध्ये 'स्लाइड शो' या पट्टीवर 'रेकॉर्ड' आहे. एकेक स्लाइड दाखवत बोला. एखादी बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते. मग 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ'. आवाज दिला नाही तर प्रत्येक स्लाइड पाच सेकंद दिसते. मराठी मजकूर वाचायला तेवढा वेळ पुरत नाही, दहा-बारा करा. व्हॉट्सॲपसाठी व्हिडिओची स्पष्टता ४८०पी किंवा ७२०पी ठेवा, म्हणजे फाइल लहान राहते. पालकांचा डेटा रोज मोजून मिळतो, त्यांच्यावर मोठी फाइल लादू नये. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवला तर शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो, हे ध्यानात असू द्या.

ऑनलाइन बैठकीत दाखवणार असाल तर झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटांनी बैठक बंद होते, बोलणं त्या बेताने ठेवा. स्लाइडमध्ये आवाज असेल तर स्क्रीन दाखवताना 'शेअर साउंड'वर खूण करा.

वीज किंवा नेट नसेल तर

पेन ड्राइव्हवर मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही ठेवा. परक्या संगणकावर ऐनवेळी काही बिघडलं तर पीडीएफ पूर्ण पडद्यावर दाखवून वेळ निभावते. स्लाइडवर यूट्यूबचा व्हिडिओ असेल तर तो नेटशिवाय चालणार नाही. दुसऱ्याच्या संगणकावर स्वतःचं गूगल खातं उघडायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

आणि कागद. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मी अजूनही छापील प्रत नेते. छपाईत 'हँडआउट्स' निवडून एका पानावर तीन स्लाइड घेतल्या तर प्रत्येकीशेजारी लिहायला रेघा येतात. सदस्य तिथेच खुणा करतात, प्रश्न लिहितात. गडद पार्श्वभूमी असेल तर रंगाच्या पर्यायात 'प्युअर ब्लॅक अँड व्हाइट' घ्या, शाई वाचते आणि वाचताही येतं.

ग्रुपवर टाकताना

टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या एखाद्या फोनवर ती फाइल पाठवून उघडून बघा. मी माझ्या सासूबाईंच्या फोनवर बघते. त्यांचा फोन जुना आहे, पडदा लहान आहे. तिथे वाचता आलं तर कुठेही येईल. मग फाइलसोबत दोन ओळी लिहा. नुसती फाइल टाकली तर ती कशाची आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. मी साधारण असं लिहिते:

"अपूर्णांक ओळख, इयत्ता ४थी. १८ स्लाइड, ३ एमबी. वाचण्यासाठी पीडीएफ सोबत जोडली आहे. स्वतःच्या वर्गासाठी बदल करायचे असतील तर खालच्या लिंकवरून प्रत करून घ्या, परवानगी मागावी लागणार नाही. सातव्या स्लाइडवरच्या भाकरीच्या चित्रांऐवजी तुमच्याकडची वस्तू घेतली तर मला नक्की कळवा, मीही वापरून पाहीन."